बाबांच्या गाडीचं डांबर

नवी गाडी बुक केली. (हो, केली एकदाची. काकूने आता फोनवर विचारणं बंद करावं!) सगळ्या सह्या झाल्यावर शोरूममधल्या मुलाने हळूच आणखी एक कागद पुढे सरकवला. अँटी-रस्ट ट्रीटमेंट, साडेसहा हजार. "सर, गाडी कोकणात राहणार ना? मग घ्याच."

गाडी रत्नागिरीला आईजवळ राहणार हे खरं. आणि गंज हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. बाबांची जुनी गाडी आठवते ना? मागच्या सीटपुढचा पत्रा सडून भोक पडलं होतं. मी त्यातून खाली पळणारा रस्ता बघत बसायचो. बाबांनी त्यावर फळी टाकली. शेवटी १९९२ मध्ये भंगारवाल्याने ती वजनावर नेली. "वेळेवर लक्ष दिलं असतं तर.." हे आईने त्यांना पुढे कायम ऐकवलं.

म्हणून दोन दिवसांची मुदत मागितली आणि वाचत बसलो.

हा धंदा वाढला अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकण्याचं प्रमाण फार वाढलं आणि गाड्या खालून सडायला लागल्या. १९५९ मध्ये कर्ट झिबार्टने डेट्रॉईटमध्ये दुकान काढलं. गाडीच्या पोकळ भागांना भोकं पाडायची, आत मेणासारखं द्रव्य फवारायचं, भोकं बुचांनी बंद करायची. पत्रा दिसतो तिथे नाही, आत ओल कोंडते तिथे आधी खातो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. युरोपात लान्सियाची तर अब्रूच गेली. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्या बीटा गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या गंजावरून पेपरांत गदारोळ झाला, कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. १९९४ मध्ये लान्सियाने तिथून गाशाच गुंडाळला.

पण खरा उपाय कारखान्यातच निघाला. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडायची पद्धत विकसित केली. फवारा पोचत नाही अशा कोपऱ्यातही प्रायमर चिकटू लागला. ही पद्धत १९६० च्या दशकात कारखान्यांत आली, पुढच्या दशकात आणखी सुधारली. मग जस्त. पोर्शेने १९७० च्या दशकात ९११ ला आणि ऑडीने १९८० च्या दशकात १०० ला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आपली विहिरीवरची पत्र्याची बादली त्याच जोरावर टिकायची.

आणि मग डांबराबद्दल वाचलं. डांबराचा थर जुना झाला की कडक होतो, त्याला चिरा पडतात. पाणी आत शिरतं पण वाळत नाही. वरून सगळं काळंभोर, झकास. आत पत्र्याचा भुगा.

बाबा दर मे महिन्यात गाडीखाली आडवे होऊन ब्रशने डांबर लावायचे. दर वर्षी, न चुकता! त्यांनी दुर्लक्ष केलं नव्हतं हो. उलट जरा जास्तच केलं.

आईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या डांबराच्या बनियनी मी रॉकेलने धुवायचे." आणि मग लगेच, "आंबे कधी नेणार?" असो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन शोरूममध्ये गेलो आणि गाडी वर उचलून दाखवायला लावली. सांध्यांवर सीलंट होता, चाकांच्या वरच्या भागात जाड थर कारखान्यातूनच आलेला होता. बॉडीचा पत्रा जस्ताचा आहे का, हे विचारल्यावर त्या मुलाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने कॅटलॉगकडे. वरून मारणार ते काय द्रव्य आणि पोकळ भागांत जाणार का, याचंही उत्तर नाही. साडेसहा हजार खिशातच राहिले.

आईला काम सांगितलंय. पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यायची, आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात त्यांतून खराट्याची काडी फिरवायची. ती म्हणते, "एवढंच ना? मग हे त्यांना कुणी का नाही सांगितलं?"