आरटीएल-एसडीआर (लिनक्सवरील वापर)

आरटीएल-एसडीआर : संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा स्वस्त सॉफ्टवेअर-रेडिओ ग्राही. डिजिटल दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेल्या डाँगलमधील रिअलटेक कंपनीच्या आरटीएल२८३२यू या चिपवरून हे नाव पडले. नेहमीच्या रेडिओत वाहक लहरीतून ध्वनी वेगळा काढण्याचे काम मंडले करतात. येथे ते संगणकावरील प्रोग्राम करतो. त्यामुळे एकाच संचावर एफएम, विमानांचे संदेश किंवा डिजिटल रेडिओ ऐकता-वाचता येतो.

इतिहास : लिनक्सच्या दूरचित्रवाणी ड्रायव्हरवर काम करणारे फिनलंडचे अँटी पालोसारी यांच्या २०१२ साली लक्षात आले, की ही चिप एफएम ऐकवताना ध्वनी स्वतः काढत नाही, कच्चे नमुनेच संगणकाकडे पाठवते. त्याचा फायदा घेऊन ऑस्मोकॉम प्रकल्पातील विकासकांनी लिबआरटीएलएसडीआर ही मुक्त लायब्ररी लिहिली.

रचना : अँटेनाकडून आलेला संकेत ट्यूनर खालच्या वारंवारतेवर आणतो व चिप त्याचे ८-बिट नमुने घेते. आर८२०टी हा प्रचलित ट्यूनर सुमारे २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ पट्टा हाताळतो. नमुनादर सेकंदाला ३२ लाखांपर्यंत नेता येतो. मात्र नमुने न गळता साधारण २४ लाखांपर्यंतच भरवसा धरता येतो. साध्या स्फटिकाची वारंवारता तापल्यावर सरकते. दशलक्षांत एका भागाची चूक १०० मेगाहर्ट्झवर १०० हर्ट्झ होते. ती प्रोग्राममध्ये पीपीएम आकडा भरून सुधारतात.

लिनक्सवर जोडणी : येथे अडचण संच न ओळखला जाण्याची नसते, तर दूरचित्रवाणीचा म्हणून ओळखला जाण्याची असते. डाँगल लावताच कर्नल ‘डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू’ हे मॉड्यूल चढवतो आणि संच अडकून राहतो. अशा वेळी ‘आरटीएल_टेस्ट’ चालवल्यास उणे ६ ही त्रुटी येते. मॉडप्रोबच्या संरचना फाइलीत त्या मॉड्यूलचे नाव काळ्या यादीत घालून ते उतरवले, किंवा संगणक पुन्हा सुरू केला, की संच मोकळा होतो. उणे ३ ही त्रुटी मात्र परवानगीची असते. तिच्यासाठी यूडेव्हचा नियम बसवून डाँगल काढून पुन्हा लावावा लागतो. दर वेळी रूट होऊन प्रोग्राम चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वापर : वर्णपट पाहत ऐकण्यासाठी जीक्यूआरएक्स, स्वतःची प्रक्रिया रचण्यासाठी जीएनयू रेडिओ, तर विमानांच्या १,०९० मेगाहर्ट्झवरील संदेशांसाठी डंप१०९० वापरतात. ‘आरटीएल_एफएम’चे निर्गत पाइपने ‘एप्ले’कडे दिले, की टर्मिनलवरूनच एफएम केंद्र लागते. मात्र दोन्हीकडचा ध्वनीचा नमुनादर जुळला नाही, तर निवेदकाचा आवाज चिरका किंवा घोगरा होतो. युरोपातील डॅब प्रसारणासाठी वेल.आयओ हा मुक्त प्रोग्राम आहे.

आकाशवाणी मध्यम लहरींवर डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रसारण करते. या लहरी ट्यूनरच्या पट्ट्याखाली येत असल्याने ट्यूनर वगळून संकेत थेट चिपला द्यावा लागतो किंवा वारंवारता वर नेणारे साधन जोडावे लागते. हे प्रसारण उलगडण्यासाठी जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठात सुरू झालेला ड्रीम हा प्रोग्राम चालतो.

मर्यादा : हा संच फक्त ग्रहण करतो, प्रक्षेपण करत नाही. ८-बिट नमुन्यांमुळे जवळच्या प्रबळ केंद्राशेजारचे क्षीण केंद्र दबते. गेन कमी केल्यास बरेचदा फरक पडतो. मॉड्यूल बंद असेतो या डाँगलवर दूरचित्रवाणी दिसत नाही. तथापि दूरदर्शनचे डिजिटल भूप्रसारण डीव्हीबी-टी२ पद्धतीचे आहे आणि आरटीएल२८३२यू चिप फक्त जुनी डीव्हीबी-टी पद्धत उलगडते. त्यामुळे भारतात ते मॉड्यूल कायमचे बंद ठेवल्याने वापरणाऱ्याचे काही नुकसान होत नाही.