गळ्याविना गाणें

गाणें म्हटलें कीं गळा आलाच, अशी आपली जुनी समजूत आहे. वीणा वाजते, बासरी वाजते. शब्द उच्चारून गातो तो मनुष्यच. ह्या समजुतीला मोठा धक्का १९६१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बसला. तेथें जॉन केली व कॅरोल लॉकबॉम यांनीं संगणकाकडून 'डेझी बेल' हें १८९२ सालचें इंग्रजी प्रेमगीत गाऊन घेतलें. साथही मॅक्स मॅथ्यूज यांनीं संगणकावरच रचिली होती. घसा, जीभ व ओठ यांच्या पोकळींतून जातांना ध्वनि कसा बदलतो, याचें गणित मांडून तो आवाज घडविला होता. कोणाही मनुष्याच्या कंठाचा अंश त्यांत नव्हता. शब्द ओळखूं येत, सूर ठिकाणावर पडत, पण गाणाऱ्याचा श्वास कोठें जाणवत नसे. लेखक आर्थर क्लार्क यांनीं हा प्रयोग प्रत्यक्ष ऐकला होता. १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' ह्या चित्रपटांत बंद पडत चाललेलें यंत्र अखेरीस हेंच गीत म्हणतें, तें त्यामुळेंच.

आपल्या विषयाचा खरा आरंभ मात्र पुढें चाळीस वर्षांनीं झाला. जपानच्या यामाहा कंपनींत हिदेकी केन्मोचि यांनीं २००० सालीं बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाच्या साहाय्यानें संशोधन हातीं घेतलें, आणि २००३ सालीं 'व्होकॅलॉइड' ही गाणाऱ्या आवाजाची आज्ञावली जाहीर झाली. येथें वाट निराळी होती. आधीं एखाद्या जिवंत गायकाकडून भाषेंतील सर्व ध्वनि व त्यांचे सांधे निरनिराळ्या सुरांवर म्हणवून घ्यावयाचे, त्यांचे तुकडे सांठवावयाचे, आणि मग रचनाकारानें शब्द व स्वर लिहून दिले कीं संगणकानें ते तुकडे जोडून गावयाचें.

जालना जिल्ह्यांत मुलांकडून बाराखडी घोकून घेण्यांत ज्यानें आयुष्य घालविलें, त्या माझ्यासारख्या शाळामास्तराला ह्यांत एक गंमत दिसते. जपानी भाषेंतील अक्षरें बहुधा स्वरान्त असतात, म्हणून एका सुराकरितां सुमारें ५०० तुकडे पुरतात. इंग्रजीला सुमारें २५०० लागतात. जपानी वर्णमालाही अ, इ, उ, ए, ओ व पुढें क, स, त, न अशी चालते. हा क्रम बौद्ध पंडितांच्या द्वारें संस्कृत वर्णमालेवरूनच तेथें गेला. म्हणजे ह्या यंत्राची पहिली विद्या ही बाराखडीच होय!

२००४ सालीं ब्रिटनमधील झीरो-जी कंपनीनें 'लिऑन' व 'लोला' हे पहिले आवाज विकावयास काढले. त्यांच्यामागचे गायक कोण, हें त्या वेळीं कंपनीनें सांगितलें नव्हतें. त्याच वर्षीं जपानांत 'मेइको' हा आवाज निघाला. त्याला मूळ गायिका हाइगो मेइको हिचेंच नांव दिलेलें होतें. पुढें ३१ ऑगस्ट २००७ रोजीं साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनें 'हात्सुने मिकू' बाजारांत आणिली. भविष्याचा पहिला ध्वनि, असा ह्या नांवाचा अर्थ. तिचा कंठ फुजिता साकी ह्या अभिनेत्रीचा, आणि वेष्टनावर लांब हिरव्यानिळ्या केसांच्या मुलीचें चित्र.

आज अभिजात म्हणून आठवलीं जाणारीं गाणीं ह्यानंतरच्या थोड्याच महिन्यांतलीं आहेत, आणि तीं रचणारे बहुतेक हौशी लोक होते. सप्टेंबर २००७ मध्यें ओटोमानिया या टोपणनांवाच्या रचनाकारानें मिकूकडून 'इएवन पोल्का' हें फिनलंडचें नाचरें गीत म्हणवून घेतलें. त्याबरोबरच्या चित्रांत ती कांद्याच्या पातीसारखी एक भाजी हातांत फिरवीत होती. ती पात पुढें तिची खूणच होऊन बसली. त्याच महिन्यांत इका याचें 'मिकू मिकू नि शिते आगेरु' आलें. त्यांत तर संगणकांत अवतरलेली गायिका स्वतःचीच ओळख करून देते. डिसेंबरांत र्‍यो याचें 'मेल्ट' आलें. त्यांत यंत्राचा उल्लेखही नाहीं. एका मुलीच्या प्रेमांतली धडधड आहे. तें इतकें आवडलें कीं कित्येक माणसें तें आपल्या गळ्यानें गाऊन दाखवूं लागलीं. आजवर यंत्र मनुष्याचें अनुकरण करीत होतें. येथें मनुष्य यंत्राकडून गाणें शिकला. कॉस्मो याच्या 'हात्सुने मिकूचा लोप' ह्या गाण्यांत पुसली जाण्याच्या भीतीनें गायिका मनुष्याच्या जिभेला मोठ्या कष्टानेंच पेलणाऱ्या वेगानें शब्द फेकीत जाते. 'डेझी बेल' म्हणत विझणाऱ्या यंत्राची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

ह्या गाण्यांत रस उत्पन्न झाला तो कशानें? नुसते स्वर लिहून दिले तर हें यंत्र सपाट गातें. एका सुरावरून दुसऱ्यावर कसें उतरावें, आंदोलन कोठें द्यावें, श्वास कोठें ऐकूं यावा, हें रचनाकारानें पडद्यावर रेषा ओढून स्वतः ठरवावयाचें. मींड हातानें काढावयाची, म्हणा ना!

आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला. पॅरिसमध्यें १८४२ च्या सुमारास जन्मलेलें हें वाद्य आपल्या नाटकांत, कीर्तनांत, गांवोगांवच्या भजनांत शिरलें. परंतु तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं व तिचे ठराविक सूर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, म्हणून १९४० सालीं नभोवाणीनें तिला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खोटा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालींच बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहून हा भेद मांडला होता. तरीही गोविंदराव टेंबे यांनीं त्याच पेटीवर रसिकांना डोलविलें. यंत्रांत उणीव असतेच. ती जाणून भरून काढणारा कोणी असला, म्हणजे त्यांतूनही कला निपजते.

आतां काळ आणखी पुढें गेला आहे. आजची कृत्रिम बुद्धि एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकांवरून, त्याच्या नकळत, त्याचा आवाज उचलूं शकते. महाराष्ट्रांत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अरिजित सिंह यांच्या दाव्यांत २०२४ सालीं आणि आशा भोसले यांच्या दाव्यांत सप्टेंबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अंतरिम आदेश दिले. परवानगीवांचून प्रसिद्ध गायकाचा आवाज अशा साधनानें बनविणें हा त्याच्या व्यक्तित्वाच्या हक्काचा भंग आहे, असें न्यायालयानें मानलें.

२००७ च्या त्या गाण्यांचें महत्त्व ह्या ठिकाणीं ध्यानांत येतें. फुजिता साकी हिनें आपला आवाज जाणूनबुजून दिला होता, तिचें नांव जाहीर होतें, आणि ऐकणाऱ्यालाही हें यंत्राचें गाणें आहे हें ठाऊक होतें. कोणी कोणाला फसविलें नाहीं. आपल्या घरांत उद्यां यंत्राचीं गाणीं येणारच आहेत, तीं मराठींतही येतील. तीं ऐकावयास हरकत नाहीं. मात्र मैफलींत गायकाच्या नांवाबरोबर आपण त्याच्या गुरूचें व घराण्याचें नांव विचारतों. तसेंच ह्या गाण्याचा कंठ कोणाचा, तो कोणी व कसा मिळविला, हें विचारण्याची संवय श्रोत्यांनीं आतांच लावून घ्यावी.