देवलांच्या पेटीपासून संगणकातल्या गंधारापर्यंत

दहावीची परीक्षा आटोपली की आपल्या भागातल्या घरांतून एक वाद हमखास रंगतो. मुलाला पेटीच्या वर्गाला घालायचे, की की-बोर्डच्या? आजोबा म्हणतात, यंत्रावर सूर शिकलेल्या पोराचा कान बिघडतो. मुलगा म्हणतो, आजकाल गाणे संगणकावरच होते, मग तेच का शिकू नये? घरात मराठी बोला वा कानडी, वाद तोच. ह्या वादाचे वय मात्र वादी-प्रतिवादींना ठाऊक नसते. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची पहिली मोठी चकमक आपल्या शेजारी, कृष्णाकाठी जुंपली होती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. हिशेबाची नजर आणि गाण्याचा नाद असा दुर्मीळ योग त्यांच्या ठायी होता. भरतमुनींच्या काळापासून सांगितल्या जाणाऱ्या बावीस श्रुती नेमक्या आहेत तरी किती उंचीच्या, हे आकड्यांत मांडायचे त्यांनी मनावर घेतले. १९१० साली त्यांचे ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे इंग्रजी पुस्तक आले. ई. क्लेमंट्स हे सनदी नोकरीतले इंग्रज न्यायाधीश त्यांच्या मदतीला धावले. १९१३ साली क्लेमंट्स यांनीही भारतीय संगीतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि स्वर दाखवायला गळा कोणाचा? तर पुढे मिरजेला स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा. एक निवृत्त अधिकारी, एक गोरा न्यायाधीश आणि किराण्याचा एक गवई, अशी ही विलक्षण त्रयी. त्यांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ साली बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर बरीच भवति न भवति झाली. पं. भातखंडे यांच्यासारख्यांना हा दावा मान्य झाला नाही. पेटी मागे पडली.

तरी देवलांचे दुखणे खरे होते. कलकत्त्यात घडू लागलेली हातपेटी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर पसरली. आपल्याकडे संगीत नाटकाने ऑर्गनला आणि पेटीला डोक्यावर घेतले. ‘मानापमान’ (१९११) चे संगीतकार गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक. मात्र पेटीच्या पट्ट्या विलायती हिशेबाने लावलेल्या होत्या. ह्या हिशेबात सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात. एकेका तुकड्याचे पुन्हा शंभर भाग पाडून त्याला सेंट म्हणतात. त्या मापाने पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून बरोबर ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्याशी जुळणारा, पाचास चार ह्या प्रमाणातला गंधार मात्र ३८६ सेंटवर आहे. चौदा सेंटचा फरक.

चौदा म्हणजे फार वाटत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. त्या काळच्या ग्रंथकारांप्रमाणे षड्ज २४० आंदोलनांचा धरू. स्वाभाविक गंधार ३०० चा येतो, पेटीचा साधारण ३०२.४ चा. तंबोऱ्याचा खर्ज १२० चा. त्याच्या पोटातून निघणारा पाचवा उपस्वर ६०० चा, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधारच. तंबोरा उत्तम जुळला की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो असे बुजुर्ग सांगतात, त्यामागे एवढेच गणित आहे. आता पेटीचा गंधार दाबा. त्याचा दुसरा उपस्वर येतो सुमारे ६०५. सहाशे आणि सहाशेपाच एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे उठतात. कानाला टोचतात ते हेच. आजोबांचे म्हणणे इथवर अगदी रास्त आहे.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती थेट १९७१ मध्ये आणि तीही अंशतः सैल केली. मधल्या तीस वर्षांत पेटी संपली का? मुळीच नाही. बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे कलावंत (१९१७–२०१०) पिढ्यान्‌पिढ्या गवयांना साथ करत राहिले आणि शिष्य घडवत राहिले. ज्याच्या हाताला कुठला स्वर कधी टाळायचा आणि कुठे नुसता स्पर्श करायचा हे कळते, त्याच्या हाती ४०० सेंटचा गंधारही खुपत नाही. बंदी घालणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही, एवढेच.

आता यंत्राकडून शिकण्याविषयी. ही गोष्ट संगणकाने सुरू केली असे मानण्याचे कारण नाही. आपल्या भागापुरते बोलायचे तर पहिला यंत्रगुरू ग्रामोफोन. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. तेच पुढे कुमार गंधर्व. आणि गदग भागातल्या भीमसेन जोशींना घर सोडायला लावले ते अब्दुल करीम खाँ साहेबांच्या तबकडीने. तबकडीत एकच अडचण होती. तान अवघड म्हणून फिरण्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सबंध सप्तकभर खाली येई, गवय्याचा राक्षस होई. वेग कमी, पण स्वर जागच्या जागी, हे अंकीय पद्धतीने साधले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये त्याची रीत मांडली. मुळात ती टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी होती. आज २००० साली आलेल्या ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट मिळणाऱ्या साधनातही ही सोय आहे. द्रुत तान निम्म्या लयीत ऐकून तिची अक्षरे सुटी करणे हा रियाजाचा उत्तम मार्ग आहे आणि त्याला कोणत्याही आजोबांनी हरकत घेऊ नये.

त्याच बेल प्रयोगशाळेत १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ ह्या अवाढव्य संगणकाकडून सतरा सेकंदांची रचना वाजवून घेतली होती. ध्वनीची लाट म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. सीडीवर (१९८२) एका सेकंदाला ४४,१०० आकडे लिहिलेले असतात. आकडे बदलले की स्वर बदलला. देवलांना हवे होते ते नेमके हेच, पण त्यांच्या हाती होत्या पितळी पट्ट्या.

भारतातही ह्या विद्येने पाऊल लवकर टाकले, हे फारसे कोणाला माहीत नसते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ देणाऱ्या त्याच ह्या बाई. तिथे तीनेक वर्षे आपल्या माणसांनी यंत्रावर स्वर घडवले आणि मग तो उद्योग थांबला. ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग रोलंडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी रसिक चकित झाले. त्यांच्या टीबी-३०३ ह्या छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींड म्हणावी इतकी ती मोठी नव्हती, तरी पेटीला जे कधी जमले नाही ते तिने केले.

शास्त्रोक्त गाणाऱ्यांच्या घरात मात्र यंत्र वेगळ्याच वाटेने शिरले. विमानांच्या कारखान्यात काम केलेले बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. सुरुवातीच्या पेट्यांना सूर होता, पण जवारी नव्हती. घोडीवर तारेखाली अडकवलेला दोऱ्याचा तो बारीक तुकडा तारेतून उपस्वरांचा जो झरा काढतो, तो साध्या विद्युतमंडलाला कुठून साधणार? पुढे खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी मुद्रित करून चिपमध्ये साठवता येऊ लागला, तेव्हा पेटी सुसह्य झाली. मागोमाग तबल्याचे यंत्र आले आणि आता सगळे मोबाइलमध्ये मावते.

ह्याचा आनंद मानावा की खेद? मला दोन्ही वाटते. गावात तबलजी नाही, तंबोरा घेण्याची ऐपत नाही, अशा किती मुलींचा रियाज ह्या पेट्यांनी चालू ठेवला असेल! पण यंत्राचा ठेका गायकाकडे बघत नाही. समेवर येताना जरा घोटाळा झाला तर माणूस सांभाळून घेतो, यंत्र पुढे निघून जाते. त्यावर शिकलेला विद्यार्थी लयीला पक्का होतो आणि मैफलीत साथीदाराशी डोळ्याने बोलणे त्याला येत नाही. तंबोऱ्याचेही तसेच. चार तारा स्वतः मिळवण्यात जी दहा मिनिटे जातात, तोच खरा स्वरज्ञानाचा पहिला धडा. बटण दाबून तो चुकतो. फरीदसाहेबांपासून दीडशे वर्षांहून अधिक काळ मिरजेत चाललेल्या तंबोऱ्याच्या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब. मात्र भोपळा निवडून, कोरून, घोडी घासून जवारी काढणाऱ्या हाताची स्पर्धा आता फुकटच्या मोबाइल तंबोऱ्याशी आहे, हे मानांकनाने बदलत नाही.

वाद्यवृंदाच्या जगात १९८३ हे साल मोलाचे. त्या वर्षी ‘मिडी’ आले. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलतील अशी ही सामायिक भाषा. तिच्यातून ध्वनी जात नाही, फक्त सूचना जाते: अमुक पट्टी, इतक्या जोराने, आता दाबली, आता सोडली. आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात दणाणणारा ऑक्टापॅड १९८५ साली निघाला, तेव्हा त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तो नुसता मिडीतून हुकूम सोडी आणि वाजे दुसरेच यंत्र. ही भाषा पट्ट्यांच्या वाद्यांसाठी रचलेली, त्यामुळे बारा घरांचा हिशेब तिच्या हाडात मुरलेला आहे. पण सुटकेची खिडकीही तिच्यातच आहे. स्वर वाकवण्याच्या चाकाला १६,३८४ पायऱ्या दिल्या आहेत. दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांइतका वाक धरला, तर एक पायरी एका सेंटच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी बारीक पडते. बावीस श्रुती सोडा, बावीसशेही मावतील. १९९७ चे ‘ऑटो-ट्यून’ हे त्याच कथेचे दुसरे टोक. भूगर्भातले तेल शोधण्यासाठी लहरींचे विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांनी ते रचले. सूर जरा हलला की जवळच्या घरात ओढून बसवायचा. नेहमीच्या बारा घरांवर ठेवून आपल्या गवय्यावर ते चालवले तर मींडेची जिन्यासारखी पायरी-पायरी होते.

म्हणून की-बोर्ड घेतलाच असेल तर शिक्षकांना एक गोष्ट जरूर विचारावी. बऱ्याच मोठ्या की-बोर्डांत बारा स्वर वेगवेगळे खाली-वर करण्याची सोय असते. ती मुख्यतः अरबी संगीतवाल्यांसाठी दिलेली आहे, पण आपल्याला वापरायला कोणी अडवलेले नाही. ‘सा’ ठरवून शुद्ध गंधार चौदा सेंट उतरवावा, शुद्ध धैवत सोळा, शुद्ध निषाद बारा. कोमल रिषभ बारा चढवावा, कोमल गंधार सोळा. मग तंबोरा लावून भूप वाजवावा. पोराचा कान बिघडतो की सुधारतो ते आजोबांनीच ऐकून ठरवावे. पट्टी बदलली, म्हणजे काळी एक सोडून पांढरी पाच धरली, की सगळी मांडणी नव्याने करावी लागते. देवलांच्या पेटीला जो प्रश्न छळत होता, तो इथे दोन मिनिटांत सुटतो.

इतके झाल्यावर देवलांचा दावा खरा ठरला का? तर नाही, आणि गंमत तिथेच आहे. नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली प्रत्यक्ष गाण्यावाजवण्यातले स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वर जागोजागी थोडा वेगळा आढळला. १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स आर्नॉल्ड यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणि स्वराचा आलेख काढणारे यंत्र बनवून हाच शोध पुढे नेला. आज त्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. ॲम्स्टरडॅमच्या भाषाशास्त्रज्ञांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी केलेले ‘प्राट’ विनामूल्य मिळते. त्यात स्वतःचा आलाप मुद्रित करावा. पडद्यावर स्वराची रेघ उमटते. भूपातला ठेहरावाचा गंधार ३८६ च्या आसपास सपाट दिसला तर समजावे रियाज मार्गी लागला. मग दरबारीचा गंधार घेऊन पाहावा. तिथे रेघ स्थिर राहातच नाही, हळूहळू झुलते. तिच्या कोणत्या बिंदूवर बोट ठेवून हा गंधार म्हणायचे, ते संगणक सांगत नाही.