डिझेलच्या स्वस्ताईचा इतिहास

भारतात डिझेलवर चालणारी मोटार वापरायला स्वस्त पडते, ही समजूत १९८० नंतरच्या तीन दशकांत इतकी दृढ झाली की, स्वस्ताई हा डिझेल इंजिनाचा अंगभूत गुणच मानला जाऊ लागला. प्रत्यक्षात त्या स्वस्ताईचे घटक वेगळे काढून पाहिले, तर तिच्यातील मोठा वाटा यंत्राचा नव्हता, तो शासनाने ठरवलेल्या इंधनदराचा होता, असे आढळते. पेट्रोल, डिझेल आणि अलीकडे हायब्रिड यांच्यातील निवड मध्यमवर्गीय कुटुंब आणि टॅक्सीमालक यांनी कशी केली, याचा इतिहास म्हणूनच मोटारीच्या इतिहासाइतकाच दरनियंत्रणाचाही इतिहास आहे.

यंत्राचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवलेल्या इंजिनात इंधन पेटवण्यासाठी ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये केवळ हवा दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हवा मूळ आकारमानाच्या किती पटीने दाबली जाते, त्या प्रमाणाला संपीडन गुणोत्तर म्हणतात. पेट्रोल इंजिनात ते साधारण नऊ ते अकरा, तर डिझेल इंजिनात पंधरा ते बावीस असते, आणि हे गुणोत्तर जितके अधिक तितका उष्णतेचा उपयोग अधिक चांगला होतो. शिवाय पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवण्यासाठी हवेची वाट अडवावी लागते व त्यात शक्ती वाया जाते. डिझेल इंजिनात हवा मोकळी सोडून फक्त इंधन कमी-जास्त केले जाते. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असल्याने त्याच्या एका लिटरमध्ये ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते. याची किंमत मात्र आधीच मोजावी लागते, कारण एवढा दाब सोसणारे इंजिन भक्कम घडवावे लागते आणि इंधन फवारणारा पंप व नोझल अत्यंत अचूक असावे लागतात. खरेदीच्या वेळी जास्त आणि नंतर दर किलोमीटरला कमी, हा डिझेलचा सौदा पहिल्यापासूनच असा आहे. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने विक्रीस आणलेली २६० डी ही डिझेल मोटार जर्मनीत प्रामुख्याने टॅक्सीवाल्यांनी उचलली, ती याच कारणाने. ज्याची गाडी दिवसभर धावते त्याचे वरचे पैसे लवकर वसूल होतात.

भारतात या सौद्याला निराळे वळण लागले ते इंधनाच्या दरांमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल हे मोटार व स्कूटर बाळगणाऱ्यांचे, म्हणजे सुखवस्तूंचे इंधन मानून त्यावर करांचा भार वाढत गेला; डिझेल मात्र मालट्रक, एसटी, रेल्वे, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे पंप यांचे इंधन असल्याने त्याचे दर जाणीवपूर्वक खाली ठेवण्यात आले. किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांनी महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांतील कितीतरी विहिरी बागायतीखाली आणल्या होत्या, त्यामुळे या धोरणामागील विचार येथील ग्रामीण वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. सरकार दर ठरवणार आणि एका इंधनावरील तूट दुसऱ्या इंधनावरील जादा वसुलीतून व ‘ऑइल पूल’ नावाच्या सामायिक खात्यातून भरून काढणार, अशा या पद्धतीला प्रशासित दरव्यवस्था म्हणत. ती कागदोपत्री १ एप्रिल २००२ रोजी संपली, तरी दर बदलण्यापूर्वी सरकारचा कल पाहण्याची प्रथा पुढेही चालू राहिली. हेतू चांगला होता. उणीव अशी की, पंपावर उभी असलेली गाडी कांदा वाहून नेणारी आहे की सहकुटुंब सहलीला निघालेली, हे पंपाला कळत नसे.

ही फट सर्वप्रथम ओळखली ती भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनी. १९८० च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सची डिझेल अँबॅसेडर आली. ती धूर ओकणारी व मंद होती, पण टॅक्सीमालकांना चालून गेली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पुण्याच्या बजाज टेंपोच्या मॅटाडोर आणि ट्रॅक्स, तसेच प्यूजोच्या तंत्रावर आधारलेल्या डिझेल इंजिनाच्या महिंद्रा जीप यांनी एक संपूर्ण व्यवसाय उभा केला. पश्चिम महाराष्ट्रात त्याला वडाप म्हणतात, तर विदर्भ-मराठवाड्यात त्याच गाड्या काळी-पिवळी म्हणून ओळखल्या जातात. एसटी जेथे दिवसातून दोनदाच जात असे, तेथे खेपेला बारा-पंधरा माणसे बसवून या जीप धावत, आणि तिकिटाच्या त्या दरात हा धंदा पेट्रोलवर परवडणे अशक्य होते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीलाही १९९० च्या दशकात डिझेल इंजिन मिळाले. त्याच दशकात टेल्कोने १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ च्या अखेरीस पुण्यात घडलेली इंडिका बाजारात आणली. इंडिकाचे महत्त्व असे की, लहान मोटार आणि डिझेल यांची सांगड तिने प्रथमच मोठ्या प्रमाणावर घातली, आणि कॉल सेंटरच्या रात्रपाळीपासून कंपन्यांच्या कामगार-वाहतुकीपर्यंत पसरलेल्या नव्या भाडेव्यवसायाला ती आयतीच सापडली.

तोपर्यंत घरगुती ग्राहक आवाज, थरथर आणि मंद पिकअप यांमुळे डिझेलपासून दूर होता. ती अडचण ‘कॉमन रेल’ या तंत्राने दूर केली. यात सर्व सिलिंडरांसाठी एका सामायिक नळीत इंधन अतिशय उच्च दाबाखाली साठवून, संगणकाच्या नियंत्रणाने ते एका फेऱ्यात अनेक लहान फवाऱ्यांत सोडले जाते, त्यामुळे ज्वलन सौम्य होते आणि धूरही घटतो. फियाटचे १,२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन हे भारतातील त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले, पुढे पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाट-टाटा कारखान्यातही तयार होऊ लागले, आणि परस्परांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांच्या डझनावारी मोटारींत तेच एक इंजिन बसू लागले. भारतीय मोटारींच्या इतिहासात एका इंजिनाचा एवढा सार्वत्रिक स्वीकार क्वचितच झाला असेल.

या सुधारित इंजिनाला दरांची अनपेक्षित साथ मिळाली. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे मात्र हाती ठेवले. परिणामी मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे लिटर होते. समान आकाराच्या दोन मोटारी घेऊन पेट्रोलचे ॲव्हरेज लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलचे १८ किलोमीटर धरले, तर इंधनखर्च किलोमीटरमागे अनुक्रमे ४ रुपये ८८ पैसे आणि २ रुपये २७ पैसे येतो, म्हणजे बचत २ रुपये ६१ पैशांची. आता हेच डिझेल पेट्रोलच्याच भावाने विकले गेले असते अशी कल्पना केली, तर डिझेलचा खर्च ४ रुपये ७ पैसे होतो आणि बचत उरते केवळ ८१ पैसे. म्हणजे डिझेल मोटारीच्या मालकाला मिळणाऱ्या लाभाचा एक तृतीयांशाहून कमी भाग इंजिनाच्या कार्यक्षमतेचा, आणि उरलेला दोन तृतीयांशाहून अधिक भाग दरफरकाचा होता.

डिझेल मोटारीसाठी मोजलेले लाखभर रुपये जास्त धरल्यास या बचतीने ते सुमारे ३८ हजार किलोमीटरमध्ये वसूल होत. महिन्याला सहा हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला त्यासाठी सहा-सात महिने पुरत, आणि महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला तीन वर्षांहून थोडे अधिक. शोरूममध्ये विक्रेता ग्राहकाला ‘महिन्याचे रनिंग किती?’ असे आधी विचारत असे, त्यामागे हेच गणित होते. आणि ज्यांचे रनिंग महिना चार-पाचशे किलोमीटरच होते अशांनीही त्या लाटेत डिझेल घेतले, हे त्या काळाचे वैशिष्ट्य मानावे लागते. २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाहने डिझेलची होती. गोव्यात मात्र याच सुमारास उलटा प्रयोग झाला. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने एप्रिल २०१२ पासून पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला व लिटरमागे सुमारे ११ रुपये कमी झाले. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात जो हिशोब डिझेलच्या बाजूने निर्विवाद होता, तो गोव्यात बराच सैल पडला. किलोमीटरचा खर्च राज्याच्या सीमेवर बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

या स्वस्ताईचे मोल इतर कोणी तरी देत होते. तेल कंपन्यांना मिळायला हवा तो दर आणि प्रत्यक्ष मिळणारा दर यांतील तफावतीला ‘अंडर-रिकव्हरी’ म्हटले जाई. २०११-१२ या एका वर्षात एकट्या डिझेलवर ती ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. डॉ. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचे अतिरिक्त उत्पादनशुल्क लावण्याची शिफारस केली होती. डिझेल मोटारवाल्याला मिळणारा अनाहूत लाभ त्याच्याकडूनच परत घ्यावा, हा त्यामागील विचार न्याय्य होता, आणि तो त्या रूपात अमलात आला नाही ही खेदाची बाब आहे. कृत्रिम दरफरकाची आणखी भीषण बाजू महाराष्ट्राने पाहिली. रेशनच्या स्वस्त रॉकेलची इंधनात भेसळ करणाऱ्यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले.

जमाखर्चात कधीच न धरला गेलेला दुसरा खर्च हवेचा होता. डिझेलच्या धुरात काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक असतात. मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या, तर दिल्ली परिसरात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये २,००० घनसेंटिमीटर व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणीच काही महिने थांबवली. दिल्लीत दहा वर्षांहून जुनी डिझेल वाहने चालवण्यास हरित लवादाने घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली.

दरम्यान जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढवत नेऊन ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे आणि पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे, असा पूर्वी कल्पनेतही न आलेला उलटा क्रम लागला. वरच्याच ॲव्हरेजने हिशोब केला, तर बचत किलोमीटरमागे ८८ पैशांवर आली, म्हणजे जवळजवळ केवळ इंजिनाच्या गुणाएवढी उरली. लाख रुपये वसूल व्हायला १ लाख १३ हजार किलोमीटर, म्हणजे सामान्य कुटुंबाला साडेनऊ वर्षे लागणार होती, आणि दिल्लीत तर तोवर गाडीची मुदतच संपत आलेली असणार. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांसाठी काजळी अडवून जाळणारी गाळणी बसवावी लागल्याने डिझेल मोटार आणखी महागली, आणि शहरात थोड्या-थोड्या अंतरासाठी चालवल्यास ही गाळणी तुंबते, त्यामुळे देखभालीचा खर्चही वाढला. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी डिझेल मोटारीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त वाहनकर पडतो, तो वेगळाच. मारुतीने २०२० मध्ये डिझेल मोटारी बनवणेच थांबवले.

डिझेलने सोडलेल्या जागेवर हायब्रिडने हक्क सांगितला. हायब्रिड मोटारीत पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर व बॅटरी असते. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गती विजेत साठवली जाते आणि संथ रहदारीत तीच वापरून इंजिन बंद ठेवता येते. त्यामुळे डिझेलचा लाभ महामार्गावर, तर हायब्रिडचा शहरातील कोंडीत अधिक दिसतो. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ मध्ये आणि भारतात २०१० मध्ये आली, पण आयात शुल्काने ती सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मोठ्या हायब्रिड मोटारींवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. खरी सुरुवात २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड आवृत्त्यांनी झाली. ज्या इनोव्हाने लांब पल्ल्याच्या प्रवासी वाहतुकीत डिझेलचे राज्य पक्के केले होते, तिचे हायक्रॉस हे नवे रूप तर फक्त पेट्रोल आणि हायब्रिड इंजिनांतच आले.

२०२५ मधील मुंबईतील दर, म्हणजे पेट्रोल सुमारे १०३ रुपये ५० पैसे आणि डिझेल सुमारे ९० रुपये, घेऊन आणि हायब्रिडचे मिश्र ॲव्हरेज २२ किलोमीटर धरून पाहिले, तर पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे ६ रुपये ९० पैसे, डिझेलला ५ रुपये आणि हायब्रिडला ४ रुपये ७० पैसे लागतात. हायब्रिड डिझेलच्या पुढे गेली आहे खरी. पण तिच्यासाठी पेट्रोल मोटारीपेक्षा दोन लाख जास्त मोजावे लागले, तर ते फिटायला सुमारे ९१ हजार किलोमीटर लागतात. बॅटरीवर कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, म्हणून वसुलीच्या आत बॅटरी बदलण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

या हिशोबात २०२५ पर्यंत एक नवा घटक शिरला आहे. देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. वर धरलेले ॲव्हरेज शुद्ध पेट्रोलवरचे मानले आणि ते ऊर्जेच्याच प्रमाणात उतरले असे धरले, तर पेट्रोल मोटारीचा खर्च किलोमीटरमागे ७ रुपये ४० पैशांच्या आसपास जातो आणि हायब्रिडचा ५ रुपयांवर येऊन डिझेलशी बरोबरी करतो. त्या इथेनॉलचा खरेदी दर सरकार ठरवते आणि त्याचा मोठा पुरवठा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून होतो, त्यामुळे पुण्या-मुंबईतील हायब्रिड मोटारीचा इंधनखर्च आता उसाच्या हंगामाशीही जोडला गेला आहे.