वेग वाढवला की मोटर का तापते?

गोल्फ कार्ट असो, ई-रिक्षा असो की घरची लो-स्पीड स्कूटर, वेग वाढवायचे मार्ग तेच: कंट्रोलर बदलणे, बॅटरीचे व्होल्टेज वाढवणे किंवा मोठे टायर बसवणे. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पण शिवऱ्याहून पुण्याकडे निघालात की कात्रजचा चढ लागतो, आणि तिथे मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. त्यात तांबे जितके तापेल तितका त्याचा रोध वाढतो, १०० अंशांच्या वाढीला सुमारे ३९ टक्के.

मोटरच्या प्लेटवर इन्सुलेशनचा वर्ग बघा. बी वर्ग १३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, एफ वर्ग १५५ पर्यंत. हात लावून अंदाज घेऊ नका. आतले वाइंडिंग कवचापेक्षा बरेच गरम असते. तापमान सेन्सरवर करंट कमी करणारा कंट्रोलरच घ्यावा. मागे अम्मी-अब्बू बसलेत आणि जळका वास आला, तर घर जवळ आहे म्हणून ताणू नका, गाडी तिथेच थांबवा.

दुकानदार सहसा सांगत नाही ते असे: २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ओलांडली की स्कूटरला नोंदणी, लायसन्स, विमा सगळे लागते.