२०० पैकी २१४ गुण कसे पडतात? नॉर्मलायझेशन सोप्या भाषेत

धुळ्याच्या किंवा जळगावच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, ऑनलाईन परीक्षा झाली की एकच प्रश्न फिरत असतो: "कितला पडनात भो?" मग आन्सर की येते, सगळे मोबाईलवर रिस्पॉन्स शीट उघडून गुण मोजतात, आणि टेलिग्रामवर कुणीतरी 'सेफ स्कोअर' टाकतं. तो आकडा बघून मुलं वर्षाचा निर्णय घेतात. रूम ठेवायची की सोडायची, एमआयडीसीतली नोकरी धरायची की अजून एक अटेम्प्ट द्यायचा. पण परीक्षा अनेक शिफ्टमध्ये झाली असेल तर तुम्ही मोजलेला आकडा शेवटच्या यादीत लागतच नाही.

तलाठी भरती २०२३ आठवते ना? साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज, खुल्या गटाला फी १००० रुपये आणि राखीव गटाला ९००. एवढ्या पोरांना एकाच दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा ५७ सत्रांत झाली. जानेवारी २०२४ मध्ये यादी आली, आणि २०० गुणांच्या परीक्षेत एकाला चक्क २१४ गुण! घोटाळ्याचे आरोप झाले, चौकशीची मागणी झाली. हे गुण नॉर्मलायझेशनमुळे वाढले, असा सरकारी खुलासा आला. पण नॉर्मलायझेशन म्हणजे काय, हे बहुतेकांना कुणी समजावलंच नाही.

प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. एक सोपा जातो, एक अवघड. म्हणून नुसते गुण न बघता आपल्या शिफ्टच्या सरासरीपेक्षा तुम्ही किती पुढे आहात, ते बघितलं जातं. त्यासाठी दोन आकडे लागतात: शिफ्टची सरासरी, आणि गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारं प्रमाण विचलन.

समजा, सकाळचा पेपर सोपा होता. सरासरी ११०, प्रमाण विचलन २५. दुपारचा अवघड, सरासरी ९०, विचलन २०. तुमच्या मित्राला सकाळी १६० पडले, म्हणजे तो सरासरीच्या ५० पुढे, २ विचलनं. तुम्हाला दुपारी १४० पडले. तुम्हीही ५० पुढेच, पण तुमच्या शिफ्टमध्ये ती २.५ विचलनं होतात. आता तुमचे गुण सकाळच्या मापात बसवू: ११० अधिक २.५ गुणिले २५, म्हणजे १७२.५. मित्र १६० वरच. वीस गुण कमी असूनही तुम्ही पुढे!

आता दुपारच्या टॉपरला १७० पडले असं धरा. तो ४ विचलनं पुढे आहे. ११० अधिक १०० म्हणजे २१०. पेपर २०० चा असला तरी सूत्राला ते माहीत नसतं, ते फक्त माप बदलतं. (हे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेत. भरतीतली खरी सूत्रं याहून किचकट असतात, पण गाभा हाच.)

जेईई मेनमध्ये २०१९ पासून पर्सेंटाईल वापरतात. तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढंच बघायचं. तिथे १०० च्या वर जाताच येत नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशननेही २०२५ मध्ये जुनं सूत्र सोडून पर्सेंटाईलवर आधारलेली पद्धत घेतली.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार आणि कच्ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात आलीत. मुलं हजारोंनी असतील आणि वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली असेल तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. शिफ्ट लहान असेल, किंवा एकाच शिफ्टचा पेपर फुटला असेल, तर गणितच बिघडतं. 'एक दिवस, एक शिफ्ट' म्हणत नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला पोरं रस्त्यावर बसली ती म्हणूनच, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

माझंच सांगतो. एका सरळसेवा परीक्षेत माझे मोजून १५२ झाले, माझ्या रूम पार्टनरचे १६१. त्याने पारोळ्याला घरी फोन करून "काम झालं" असं सांगूनही टाकलं. शेवटच्या यादीत मी त्याच्या पुढे होतो, आणि निवड दोघांचीही नव्हती. दोन दिवस तो घरचा फोन उचलत नव्हता. चूक त्याची नव्हती, त्याने बेरीज बरोबरच केली होती.

मग यूट्यूबवरच्या 'रँक प्रेडिक्टर'चं काय? शिफ्टची खरी सरासरी त्यांच्याकडे नसते. स्वतःहून गुण भरणाऱ्यांवरून ते ती काढतात, आणि गुण भरतो कोण? ज्याला चांगले पडलेत तो. १२ हजारांच्या शिफ्टमधून ४०० हौशी मुलांनी आकडे टाकले, तर सरासरी फुगलेलीच येणार. वर तिथे रिस्पॉन्स शीटची लिंक चिकटवली की तुमचं नाव आणि रोल नंबर त्यांच्या हातात गेलाच.

म्हणून रिस्पॉन्स शीट आली की लगेच पीडीएफ सेव्ह करा, लिंक थोड्या दिवसांनी बंद होते. शिफ्टची तारीख-वेळ दिसेल असं हॉल तिकीट जपून ठेवा. उत्तर चुकीचं वाटलं तर मुदतीत आक्षेप घ्या. त्याला प्रश्नामागे पैसे लागत असतील तर पुस्तकातला पुरावा हातात असेल तरच भरा. जाहिरातीत नॉर्मलायझेशनचा परिच्छेद असतो, तो फॉर्म भरण्याआधी वाचा. आणि 'सेफ स्कोअर'वर विसंबून हातातली ऑफर सोडू नका.

पार्टनर आता जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. पुढचा फॉर्म त्याने भरलाय. या वेळी घरी मात्र यादी लागल्यावरच सांगणार म्हणतो.