प्रोस्टेटच्या स्कॅनचे मेंदूतले मूळ

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरात कुठवर पोचला आहे हे पाहण्यासाठी आज जो पीएसएमए पेट स्कॅन करतात, त्याची वंशावळ साधारणपणे अशी सांगितली जाते. हेवेशीने 1923 मध्ये किरणोत्सारी शिशाचा वनस्पतीतला प्रवास तपासून मागोव्याचे तत्त्व जीवसृष्टीत आणले. हगिन्सने 1941 मध्ये हा कर्करोग पुरुष संप्रेरकावर पोसतो हे दाखवले. पुढे पेट यंत्र आले, त्याच्यासोबत साखरेसारखे एफडीजी आले; पण या कर्करोगाला बहुधा साखरेची हाव कमी, त्यामुळे ते इथे तोकडे पडले. मग कर्करोगतज्ज्ञांनी पीएसएमए हे प्रथिन शोधले आणि त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी अणू बसवला. यातले प्रत्येक विधान खरे आहे, पण मधली एक पिढी गाळलेली आहे. हा चिकटणारा रेणू ज्या घराण्यातला, ते घराणे मेंदूच्या विकारांवर औषध शोधताना जन्माला आले. माझे म्हणणे याहून एक पाऊल पुढचे आहे: मेंदूचे औषध म्हणून या घराण्यात जे वैगुण्य होते, तेच मागोवा म्हणून त्याचे सर्वांत मोठे बळ ठरले.

आधी प्रोस्टेटकडची बाजू पाहू. अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत 1977 मध्ये एका रुग्णाच्या गळ्याजवळच्या लसिकाग्रंथीतून सुईने काढलेल्या पेशींपासून एलएनकॅप ही पेशीमालिका तयार झाली. होरोशेविच आणि सहकाऱ्यांनी या पेशी उंदरांना टोचून त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड मिळवले आणि त्यातला एक 1987 मध्ये जाहीर केला. हा प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटतो त्याचे जनुक 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात इस्रायली, हेस्टन आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले. तेच पीएसएमए, 750 अमिनो आम्लांचे, पेशीच्या पटलात रुतून बसलेले. त्याच प्रतिपिंडावर इंडियम-111 बसवून प्रोस्टासिंट हे स्कॅनचे औषध झाले आणि 1996 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण ते निराशाजनक ठरले. प्रतिपिंड प्रथिनाच्या ज्या टोकाला चिकटत होता ते टोक पेशीच्या आत असते, म्हणजे धडधाकट पेशीपाशी त्याला प्रवेशच नव्हता. मरत्या किंवा फुटलेल्या पेशींतच तो नीट पोचे. शिवाय प्रतिपिंड अवाढव्य असल्याने दिवसच्या दिवस रक्तात रेंगाळे. टोचल्यानंतर चार-पाच दिवस थांबूनही चित्र धूसरच येई.

आता मेंदूकडची बाजू. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत एनएएजी नावाचा एक छोटा रेणू भरपूर आढळतो. जोसेफ कॉयल यांच्या गटाने 1987 मध्ये त्याचे दोन तुकडे करणाऱ्या विकराचे वर्णन केले आणि त्याला 'नालाडेज' म्हटले. या तुकड्यांपैकी एक म्हणजे ग्लुटामेट, चेतापेशींना उद्दीपित करणारे मुख्य द्रव्य. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेट बेसुमार सुटते आणि चेतापेशी मारते. म्हणून हे विकर रोखले तर पक्षाघातात मेंदू वाचेल, असा विचार पुढे आला. दोन्ही बाजूंची गाठ पडली ती 1996 मध्ये. कार्टर, फेल्डमन आणि कॉयल यांना नालाडेजच्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने उंदराच्या मेंदूतून जनुकाचा एक तुकडा मिळाला, तो मानवी पीएसएमएच्या जनुकाशी जुळला. आणि पीएसएमए बाळगणाऱ्या पेशीही एनएएजी तोडतात हे त्यांनी दाखवून दिले. कर्करोगतज्ज्ञ ज्याला निव्वळ ओळखखूण समजत होते ते काम करणारे विकर निघाले. या शोधाचे महत्त्व सांगावे तितके थोडे. खुणेला चिकटायला बहुधा प्रतिपिंडच लागतो, पण विकराला स्वतःची खोबण असते आणि त्या खोबणीत अडकून बसणारा छोटा रेणू रसायनतज्ज्ञ घडवू शकतो. इथे तर मेंदूवाल्यांनी तो घडवायला आधीच घेतला होता.

विकर रोखणारे पहिले जबर द्रव्य, 2-पीएमपीए, 1996 मध्येच प्रसिद्ध झाले आणि 1999 मध्ये त्याने उंदरांना पक्षाघाताच्या इजेपासून बऱ्याच अंशी वाचवल्याचे दिसले. मग 2001 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात अॅलन कोझिकोव्स्की यांनी युक्ती केली ती अशी: एनएएजीमधला जो बंध विकर तोडते, त्याच्या जागी युरियाचा सांधा बसवायचा. विकर असा रेणू धरते, पण तोडू शकत नाही. एका बाजूला ग्लुटामेट, दुसऱ्या बाजूला दुसरे अमिनो आम्ल, मध्ये युरिया. या घराण्यातल्या द्रव्यांचा एक दोष मात्र जाता जाईना. त्यांच्यावर आम्लगटांचा विद्युतभार इतका, की रक्त आणि मेंदू यांच्यातला अडथळा ओलांडून ती फारशी आत शिरत नाहीत. मेंदूच्या औषधाला याहून मोठा दोष कोणता? जॉन्स हॉपकिन्सचे मार्टिन पॉम्पर यांनी कोझिकोव्स्कींच्या साथीने हेच रेणू किरणोत्सारी केले आणि 2005 मध्ये उंदरांच्या अंगात वाढवलेल्या मानवी प्रोस्टेट गाठी त्यांनी उजळून निघाल्याचे दाखवले. भारित, पाण्यात विरघळणारा, चिमुकला रेणू चरबीत मुरत नाही, ऊतींमध्ये रेंगाळत नाही, मूत्रपिंडांवाटे झटपट निघून जातो. राहतो तो मुख्यतः जिथे विकराने त्याला धरून ठेवले आहे तिथे. त्यामुळे टोचल्यावर तासाभरात स्वच्छ चित्र मिळते. मेंदूत शिरता न येणे आणि गाठ तेवढी ठळक दिसणे, ही एकाच रासायनिक स्वभावाची दोन फळे आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की बफेलोचा प्रतिपिंड नसता तर पीएसएमए सापडलेच नसते, तेव्हा मूळ पुरुष तोच. प्रथिनापुरते हे मान्य. पण स्कॅनची वंशावळ प्रथिनावर थांबत नाही. पुढे प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला चिकटणारे जे-591 सारखे सरस प्रतिपिंडही आले. आकाराची अडचण मात्र तशीच राहिली. प्रतिपिंडाची शाखा सुधारत गेली तरी आजचा रोजच्या वापरातला स्कॅन तिच्यातून निघाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरे श्रेय जर्मनीतल्या हायडेलबर्गचे. तिथे एडर, आयझेनहुट, हाबरकोर्न आणि सहकाऱ्यांनी युरियाच्या रेणूला गॅलियम-68 धरून ठेवणारी एचबीईडी-सीसी ही जोडणी लावली आणि 2012 मध्ये पीएसएमए-11 जगासमोर आले. गॅलियम-68 चे अर्धायुष्य 68 मिनिटांचे, आणि ते जर्मेनियमच्या जनित्रातून रुग्णालयातच मिळते; त्यामुळे सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरांतही हा स्कॅन शक्य झाला. जगभर प्रसार झाला तो यामुळेच, आणि ही जोडणी विकराच्या खोबणीलगतच्या जलविरोधी भागाशी जुळते ही हायडेलबर्गची अस्सल भर आहे. तरीही टोकाला बसून गाठ पकडणारा भाग ग्लुटामेट-युरिया-लायसीन हाच आहे. 2021 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या, फ्लोरिन-18 वापरणाऱ्या डीसीएफपायएल या पॉम्परांच्या रेणूतही तोच आहे. अणू बदलला, जोडणी बदलली, पण ही पकड कायम राहिली. म्हणून कूळ ठरवायचे तर तिच्यावरूनच ठरवावे.

प्रोस्टेटच्या पेशीला मेंदूतले हे विकर मुळात हवे कशाला, हा प्रश्न अजून वादात आहे. हेस्टन यांच्या गटाने 1996 मध्येच दाखवले की हे विकर फोलेटच्या शेपटीतले ग्लुटामेटही एकेक करून तोडते. लहान आतड्यात त्याचे कामच ते, अन्नातले फोलेट शोषण्याजोगे करण्याचे. त्यावरून एक पक्ष म्हणतो की भराभर वाढणारी गाठ फोलेट मिळवण्यासाठी ते वापरते. दुसरा पक्ष 2018 मधल्या संशोधनाकडे बोट दाखवतो: सुटलेले ग्लुटामेटच कर्कपेशीच्या ग्राहीला चेतवून वाढीचा संदेश देते. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. फोलेट तोडून ग्लुटामेट सुटते, म्हणजे पहिल्या पक्षाची वाटही शेवटी दुसऱ्याच्या दारी जाते.

ही कुळकथा जाणून घेण्याचा व्यवहारात उपयोग आहे. ऑस्ट्रेलियातल्या 302 पुरुषांच्या प्रोपीएसएमए चाचणीत (2020) या स्कॅनची अचूकता 92 टक्के, तर सीटी आणि हाडांच्या स्कॅनची मिळून 65 टक्के निघाली. त्याच पकडीवर किरणांनी पेशी मारणारे ल्युटेशियम-177 बसवले की मागोव्याचेच औषध होते. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते. गाठीचा स्वभावही यातून कळतो: पीएसएमएवर न उजळणारी पण एफडीजीवर उजळणारी गाठ बहुधा अधिक आक्रमक असते आणि तिच्यावर ल्युटेशियमचा मारा फुकट जाण्याची भीती असते. शेवटी, ज्यांच्या घरात असा स्कॅन होणार आहे त्यांच्यासाठी. चित्रात मूत्रपिंडे, लहान आतडे, लाळग्रंथी उजळतात. मूत्रपिंडात आणि आतड्यात हे विकर मुळातच असते. लाळग्रंथींच्या उजळण्याला इतरही कारणे आहेत. पोटातल्या महाधमनीलगतच्या मज्जातंतूंच्या गंडिकाही उजळतात आणि लसिकाग्रंथींत पसरलेला कर्करोग असल्याचा भास होतो. चेतासंस्थेशी या विकराचे नाते जुने आहे, त्याचीच ती खूण असावी. चित्रातला प्रत्येक उजळ ठिपका म्हणजे कर्करोग असे समजू नका; अहवाल न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडून समजून घ्या, मगच निष्कर्ष काढा.